उलट्या जुड्या

अकरा वर्षं मी दुसऱ्याचा बांबू काढला. दुसऱ्याचा बांबू, दुसऱ्याचं ऑर्किड, दुसऱ्याची फुललेली फांदी. आमच्या सुनचॉन शहरात शाईचित्रं शिकायची रीतच तशी. क्वाक सर कित्ता काढून देतात, आपण तो पन्नास वेळा गिरवायचा आणि त्यातला बरा कागद प्रांताच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवायचा. परीक्षक सरांच्याच बैठकीतले. कित्ता ओळखीचा दिसला की चित्र पास आणि आपल्याला एक गुण. असे दहा गुण झाले की ‘निमंत्रित चित्रकार’ म्हणून पाटी लावता येते, स्वतःचा वर्ग काढता येतो. माझे नऊ झाले होते. बाजारात किमचीचं आंबवलेलं लोणचं विकणाऱ्या बाईला ती पाटी हवीच होती, खोटं कशाला बोलू.

गेल्या हिवाळ्यात दुकानामागं मुळ्याचा पाला वाळत टांगला होता. दरवर्षी टांगते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून समोर कागद पसरला आणि त्या जुड्याच काढायला घेतल्या. कित्ता नाही, त्यामुळं हात कुठं न्यावा तेच कळेना. पाला काढायला जावं तर ऑर्किडची पानं उमटायची, तीही सरांची. डोकं फिरलं माझं. या हाताला स्वतःचं काही येतं की नाही? चाळीसेक कागद वाया गेल्यावर वर्गातला लांब केसांचा ब्रश मी ठेवून दिला आणि मासळीला मसाला फासायचा झिजलेला ब्रश धुऊन घेतला. शाईत पाणी जवळजवळ नाहीच. खरखरीत, तुटकी रेघ आली. वाळलेलं, मुडपलेलं पान आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कागदावर माझा हात दिसला. मी लगेच आईला फोन केला, म्हटलं, “आई, मी आपला पाला काढलाय. तू बांधायला शिकवलास ना, तस्सा.”

ते चित्र मी वर्गात नेलं, हाच माझा मूर्खपणा.

“कुणाचा कित्ता हा?” सरांनी विचारलं.

“कुणाचाच नाही, सर. माझंच आहे.”

सगळ्या बायका हसल्या. सर हसले नाहीत. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “ओकबुनबाई, आधी माझं नीट जमू द्या. हे चित्र नाही, स्वयंपाकघर आहे.”

मी गुंडाळी केली आणि दुकानात आणून ठेवली.

तीन आठवड्यांनी सर नवा कित्ता घेऊन आले. यंदाच्या प्रदर्शनाचा विषय म्हणे. उलगडून फळ्यावर लावला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुळ्याचा पाला. तीच दोरी, त्याच पाच जुड्या, तीच खरखरीत रेघ. फरक एवढाच, की जुड्या उलट्या होत्या. पानांची टोकं दोरीला बांधलेली आणि देठ खाली लोंबताहेत. जन्मात कधी पाला बांधला असेल तर ना! टोकाला बांधलेला पाला वाळला की त्याचा चुरा होतो आणि सगळी जुडी खाली येते. आमच्याकडं कुणाही बाईला हे सांगावं लागत नाही.

माझ्या शेजारी चोंगनिमताई बसतात. सत्तरीच्या, पाला टांगण्यात हयात गेलेली.

“ताई, हे उलटं आहे,” मी कुजबुजले.

“दिसतंय मला.”

“मग सांगा ना त्यांना.”

“कित्ता आहे बाई तो. तू सांग की, तुझे तर नऊ झालेत.” आणि त्यांनी ब्रश शाईत बुडवला.

तेरा बायका होतो. तेराही जणींकडं त्या दिवशी पाला टांगलेला होता, देठाला बांधून, सरळ. आणि तेराही जणी माना खाली घालून उलट्या जुड्या काढत होत्या. सरांनी चोरी केली, त्याचा राग होताच. पण त्याहून जास्त चीड मला आमची आली. सर लाल शाई घेऊन माझ्यापाशी आले, माझ्या कागदावर खूण करून म्हणाले, “इथं अडखळताय तुम्ही. माझी रेघ बघा, कशी मोकळी आहे.”

माझी रेघ म्हणे!

आणि मी काय केलं? मी म्हटलं, “हो सर.” पन्नास वेळा गिरवलं आणि पाठवून दिलं. दहावा गुण होता ना.

आम्ही तेराही जणी पास झालो. प्रदर्शनाच्या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई ठेवणीतला रेशमी पोशाख घालून गावाहून बसनं आली. दालनात तेरा चौकटी ओळीनं लावलेल्या. आई प्रत्येकीला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“यातलं तुझं कोणतं गं?”

देवाशप्पथ सांगते, मलाही कोपऱ्यातला माझ्या नावाचा शिक्का शोधावा लागला. सातवं होतं. “हे,” मी म्हटलं.

आईनं चष्मा सारखा करून पाहिलं. “छे, काहीतरीच. हे पाला न बांधणाऱ्या माणसानं काढलंय. तुझं दाखव.” टोमणा नव्हता तो. ती खरंच माझं चित्र शोधत होती, आणि पुन्हा पहिल्या चौकटीकडं वळली.

मी हात वर करून ती चौकट खुंटीवरून काढली. सर धावत आले.

“हे काय चालवलंय? चित्र उतरवलंत तर गुण रद्द होईल. वर्षानुवर्षं पुन्हा कुणी घेणार नाही तुम्हाला.”

“हा गुण तुमचाच आहे, सर. ठेवा तुमच्याकडं.” मी चौकट त्यांच्या हातात दिली. “आणि पाला देठाला बांधतात. या बाराही जणींना ठाऊक आहे, विचारा.”

त्यांनी कुणालाच विचारलं नाही. चोंगनिमताई पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या.

आई तोवर शेवटच्या चौकटीपर्यंत पोचली होती. तिथून वाकूनच तिनं विचारलं, “अगं, पण तुझं कुठं लावलंय?”

“लावलेलं नाही, आई,” मी म्हटलं. “चल, दुकानात आहे.”