तीन सेट

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात मी अमरावतीहून अकोल्याला गेलो, तो 'सुस्वर' रेडिओ कंपनीच्या कामावर. घरोघर जायचं आणि कोणाकडे कोणत्या कंपनीचा रेडिओ आहे ते लिहून आणायचं. आमची स्पर्धा 'तरंग'शी. अकोल्यात कोणाचे रेडिओ जास्त खपतात, हे मुंबईच्या साहेबांना हवं होतं.

पहिल्याच सकाळी दुर्गाबाई नावाच्या एका बाईंनी मला दारातच अडवलं. "आत्ता तं एक जण इचारून गेला. कितीक जणाले सांगू?"

तो एक जण कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पीत होता. धर्मपाल, बार्शीटाकळीचा, नुकताच बी. ए. झालेला, तरंगचा माणूस. मी ओळख दिली तसा हसला.

"तुमी जे करून राहिले तेच मी करून राहिलो. अर्धं अकोला तुमी घ्या, अर्धं मी घेतो. रोज आकडे बदलू."

"आणि कुणी खोटे दिले तर?"

"तेवढा भरोसा तं दोघालेबी ठेवा लागन."

तीन आठवडे आम्ही सायकली हाणल्या. तेव्हा रेडिओ थोडे आणि गल्ल्या शांत. एका खिडकीतलं गाणं मागे पडेपर्यंत पुढच्या खिडकीतून त्याचाच अंतरा कानावर यायचा. गाण्याच्या मागे गेलं की घर सापडायचं. संध्याकाळी त्याच हॉटेलात कागद पसरायचे. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. तरंग पुढे निघाली तर धर्मपालची नोकरी पक्की होणार होती. हे त्यानंच मला सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी मी बेरीज केली. तरंग दोनशे चौदा, सुस्वर दोनशे तेरा. मी त्याचं अभिनंदन केलं. तो कपातला चहा हलवत बसला. मग म्हणाला, "थांब. स्टेशनामागची एक गल्ली राह्यली होती, दुपारी करून आलो. तीन सेट हायेत. तिन्ही तुयेच."

ती गल्ली त्याच्या वाट्याची होती. मी कधीच तपासली नसती.

मला बढती मिळाली. त्याला कंपनीनं काढलं. चार महिने मला चैन पडेना. शेवटी एसटीनं बार्शीटाकळी गाठली. तो अंगणात खाटेवर वाचत बसला होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "काहून मनाले लावून घेतलं? तीन सेट होते, ते होते."

"पण तुझी नोकरी गेली."

"जूनपासून मास्तर होऊन राहिलो. पोरायले गणित शिकवीन. खोटी बेरीज केली असती तं कोन्या तोंडानं शिकवलं असतं?"

त्याच्या आईनं, जाईबाईंनी, जेवणार का म्हणून मला विचारलंही नाही. भाकर आणि वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली. छप्पन साली बौद्ध झालेलं ते घर. आमच्या घरातलं कोणी तोवर अशा घरी जेवलं नव्हतं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं, तीन सेटचंही आणि जेवल्याचंही. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीत मात्र धर्मपाल आमच्याकडे आला, तेव्हा त्यांनीच त्याला आत बोलावलं आणि आईला त्याचं आणि स्वतःचं अशी दोन ताटं शेजारी वाढायला सांगितलं.