कोंड्यातले हात

आमच्या घरात बायकांना फार मान. निदान जपानमधल्या आमच्या कानाझावात तरी असं दुसरं घर नसेल.

स्वयंपाकघरात एक मातीचं भांडं आहे. त्यात खारवलेला, ओला तांदळाचा कोंडा. संध्याकाळी काकडी, वांगं, मुळा त्यात पुरायचा. सकाळी आंबट-खारट होऊन निघतो. कोंडा पणजीच्या काळचा. रोज उघड्या हाताने तळापासून खालीवर केला नाही, तर नासतो. आणि हात बाईचाच लागतो. ही सक्ती नव्हे, कौतुक आहे.

माझी बायको चिझुरु पुलांची इंजिनियर. लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात आई म्हणाली, "काय माया आहे गं पोरी तुझ्या हाताला! कोंडा ओळखायला लागला तुला." तेव्हापासून चिझुरु एकही रात्र बाहेर राहिली नाही. कुणी अडवलं नाही. ती कुठे निघाली, की कुणीतरी काळजीने एवढंच विचारायचं, "मग कोंडा?"

परवा ती म्हणाली, "अहो, तिकडे उत्तरेत सप्पोरोच्या पुलावर बोलावतायत. वर्षभर. आज कळवायचंय, नाहीतर दुसऱ्याला देतील."

"जा की," मी मोठ्या मनाने म्हणालो.

"जरूर जा," आईने माझ्याकडे बघत चहा ओतला. "पण तुझ्यासारखा हात कुठून आणायचा? आमच्या मासानोबूचा लागला तर बिचारा कोंडा एका दिवसात नासेल."

बाही सारून चिझुरुने कोंड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ती थांबली.

"अहो, आत कुणीतरी आहे."

"वांगं असेल."

"वांग्याला बोटं नसतात."

आईला नवल वाटलं नाही. "असतात गं त्या. माझ्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई. मलाही लागायचे त्यांचे हात. धरतात जरा वेळ, प्रेमाने."

"धरत नाहीयेत, आई," चिझुरु हळूच म्हणाली. "ढकलतायत. बाहेर."

आईचा पेला ओठांपाशीच राहिला. मग तिने स्वतःचा तळवा उलटसुलट करून पाहिला.

"मला वाटायचं, धरतात," ती म्हणाली.

चिझुरुचा हात बाहेर आला, तेव्हा त्याला कोंड्याचा एक कणही नव्हता. तिने तिथूनच फोन लावला.

आज सकाळी आई तिला पोहोचवायला स्टेशनवर गेली आणि तशीच पुढे मावशीकडे निघून गेली. जाताना कोंड्याचं नावही काढलं नाही.

आता घराण्याची चव नासू द्यायची का? मीच हात घातला. कोंडा कोमट होता. एकेक करत बोटं आली. मऊ, थंड, बरीच. त्यांनी ढकललं नाही.

"काय माया आहे रे हाताला," आतून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

चिझुरुचा फोन येऊन गेला. सप्पोरोत बर्फ पडतोय म्हणे. "कोंडा कसा आहे?" तिने विचारलं. "उत्तम," मी म्हणालो. खोटं नाही.

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.