चौथ्या वळणावरचा कोन

बोलतोय तो मी, चौथ्या वळणावरचा नारिंगी कोन. माझ्याकडे बघितलं नाहीत तरी चालेल, नुसतं ऐका.

भूमितीतल्या कोनाशी माझं काही नातं नाही; रस्ता अडवायला ठेवतात तो टोकदार शंकू मी. साच्यात गरम प्लॅस्टिक ओतून मला घडवलं, कमरेला चकाकती पांढरी पट्टी चिकटवली, आणि कारखान्यातल्या एका कामगाराने मला वीस पावलं लांब ठेवून डोळे बारीक करून पाहिलं. "दिसतोय," तो म्हणाला. मला केवढं बरं वाटलं. दिसणं हेच माझं काम आहे, असं मी तेव्हापासून धरून चाललो.

पहिली दोन वर्षं मी रस्त्यावरच्या एका खड्ड्याशेजारी काढली. लोक खड्डा खणणाऱ्याला सोडून मला शिव्या देत. पण तिथे गाड्या रांगत येत, त्यामुळे जिवाला घोर नव्हता. मग ठेकेदाराने सामान विकायला काढलं आणि मी इथे आलो, शर्यतीच्या ट्रॅकवर, वेगात गाडी हाकायला शिकवणाऱ्या शाळेत.

चौथं वळण उजवीकडे जातं. त्याच्या बाहेरच्या कडेला मी उभा, आणि माझ्या पाठीशी जुन्या टायरांची भिंत. सरळ रस्त्यावरून गाडी सुसाट माझ्या अंगावर येते आणि अगदी शेवटच्या क्षणी वळते. वळली तर. मी आतून पोकळ आहे, म्हणून धडधड जरा जास्तच घुमते.

इथल्या शिक्षकांना सगळे मास्तर म्हणतात. पहिल्याच दिवशी ते सांगतात, "नजर जिथे, गाडी तिथे." हे ऐकून सगळे माना डोलावतात. पण भीती वाटली की माणूस नेमकं भीतीकडेच टक लावून बघतो, आणि हात डोळ्यांच्या मागोमाग जातात. मोकळा रस्ता सोडून गाडी माझ्याकडे येते ती अशी. माझं बूड दोनदा फाटलंय, वरचं टोक चेपलंय. लागतं मला, पण त्याहून वाईट वाटतं ते आदळणाऱ्याचा चेहरा बघून.

परवा एक ताई आली. चाळिशीची, रुग्णवाहिका चालवणारी. दोन महिन्यांपूर्वी ओल्या रस्त्यावर गाडी घसरली, समोर विजेचा खांब दिसला आणि ती थेट त्यावर गेली. आतला रुग्ण वाचला, पण दवाखान्याने तिच्याकडून किल्ली काढून घेतली. इथून पास होऊन आली तर किल्ली परत, नाहीतर केसपेपर लिहायच्या खिडकीत बसायचं. हे तिने मास्तरांना माझ्या शेजारी उभं राहून सांगितलं, तेही मला पहिल्यांदा उडवल्यानंतर.

"मी त्याच्याकडे बघत नाही हो सर," ती म्हणाली. "तोच माझ्याकडे बघतो."

"ताई, त्याला डोळे नाहीत."

मला ओशाळल्यासारखं झालं. मास्तरांनी तिला सांगितलं, आता खिडकी उघडी ठेवा आणि जे बघताय ते मोठ्याने बोला, मी शेजारी बसतो. ती आली. लांबूनच आवाज ऐकू आला, "कोन... कोन... कोन..." आणि मी टायरांच्या भिंतीवर आपटून गवतात पडलो.

मास्तर शेजारच्या सीटवरून उतरले. मला उभं करून त्यांनी बुडाला चिकटपट्टी लावली. "नवऱ्याचं नाव घेतलं नसेल इतक्यांदा," ते म्हणाले. ताईला हसू आलं नाही.

"कोन काढून टाका ना सर. मग येईल मला."

"काढतो. पण रस्त्यातले खांब कोण काढणार आहे?"

मास्तरांनी वळणाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे ट्रॅकबाहेर जायचं हिरवं फाटक आहे. "तुम्हाला पोचायचंय तिथे. आता शेवटची फेरी, यावरच काय ते ठरेल."

मास्तरांना शेजारी बसवून ती लांब गेली, वळून सुरुवातीच्या रेषेवर थांबली. त्या दोन मिनिटांत मी काय काय मागितलं ते माझं मला माहीत. आयुष्यभर दिसायचा हट्ट धरला, पण त्या घटकेला मला राखाडी व्हावंसं वाटलं, रस्त्याच्या रंगाचं. वारा आला तर निदान आडवा तरी पडेन, म्हणून वाऱ्याची वाट बघितली. तोही आला नाही.

इंजिनाचा आवाज चढत गेला. गाडी माझ्या रोखाने निघाली. काचेमागे तिचं हेल्मेट दिसलं, आणि ते माझ्याकडेच वळलेलं होतं. संपलं सगळं, असं मला वाटलं. ब्रेक लागले, टायर किंचाळले, आणि उघड्या खिडकीतून शब्द आला, "कोन..."

मग हेल्मेट वळलं. "फाटक," ती ओरडली. "फाटक, फाटक, फाटक."

गाडी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिच्या वाऱ्याने मी गर्रकन फिरलो, डगमगलो आणि उभा राहिलो. ती हिरव्या फाटकापाशी जाऊन थांबली.

थोड्या वेळाने दोघं चालत इकडे आली. मास्तरांनी मांडीवर कागद ठेवून सही केली आणि तो तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि ओढणीने डोळे पुसले.

"कोनाची भीती गेली ना?" मास्तरांनी विचारलं.

"कुठला कोन?" ती म्हणाली, आणि माझ्या शेजारून तशीच पुढे निघून गेली.

माझं आता वय झालंय. उन्हाने रंग उडालाय, पट्टी सुटत आलीय, पुढच्या महिन्यात नवे कोन येणार असं ऐकतो. त्यांच्याआधी कदाचित इथे शिकायला यायची तुमची पाळी येईल. तुम्ही याल तेव्हा मी दिसेनच, त्याला माझा इलाज नाही. दिसलो की मनात काय ते घाबरून घ्या, मग मान वळवा. फाटक हिरवं आहे, लांबूनही ओळखू येतं.