धावायचं नाही

करोनानं कॉलेजला कुलूप लावलं आणि रंजीता वसतिगृहातून गावी आली, तर गावानंही वाटेवर आडवे बांबू टाकलेले. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. आता विद्यापीठाच्या धावण्याच्या संघातली पोरगी पाय पोटाशी घेऊन किती दिवस बसणार? क्रीडाशिक्षक फोनवर रोज बजावायचे, "पाय गंजू देऊ नकोस." मग ती त्या बांबूंपासून मोहाच्या झाडांपर्यंत पळायची आणि मागं गावची कुत्री.

माय सोमारी चिडायची. "जंगलात शिकार धावते, नाई तं शिकारी. तू कोन होय वं?"

रंजीता हसायची. अशा गोष्टींना हसायचं वयच ते.

त्या सकाळी दोघी मोह वेचायला गेल्या. फुलांचा सडा पडला होता, माय ओणवी होऊन टोपली भरत होती. रंजीता पाय मोकळे करायला जरा लांब गेली, वळली आणि जागीच थबकली. मायच्या मागे, झुडपाशी, वाघ दबा धरून बसला होता. ओणवा माणूस वाघाला चार पायांचं जनावरच वाटतो. मोह वेचणाऱ्या बाया अशाच जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"माय, उभी राय! वाकू नोको!"

सोमारीनं मान वर केली, पण कंबर धरलेली. उठताच येईना. "काऊन वं? का झालं?"

रंजीताचे पाय शिवशिवले. एवढे दिवस घडवलेले पाय, त्यांना धावणंच ठाऊक. मेल्यांनो, गप बसा! ती धावली की वाघ उठणार, आणि माय त्याच्या एका झेपेवर. ती चालू लागली. हळू, नजर वाघावर, हात वर, गळा फाडून ओरडत. पोचली तशी तिनं मायच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

"हालू नोको. मी धरून हाय तुले."

वाघानं बराच वेळ पाहिलं. मग अंग झाडून वळला आणि झुडपात गेला. माय मटकन खाली बसू लागली, पण रंजीतानं बसू दिलं नाही. "घरी गेल्यावर बस, माय." टोपली तिथंच राहिली.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर, जिथं काय तो सिग्नल मिळे, तिथं सरांचा फोन आला.

"आज किती धावलीस?"

"नाई धावली, सर."

"आळस! असंच चाललं तर संघातून नाव जाईल."

शेजारी बसलेल्या सोमारीनं फोन ओढून घेतला.

"सर, पोरीले रागावू नोका. आज पोरगी धावली असती, तं मी नसती."