हसणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. दिसायला साधी, पण चार-पाच जाडजूड कादंबऱ्यांना माझी संमती आहे.

सुताराने मला घाईत जोडलं. मागच्या पायाचा सांधा ढिला राहिला आणि मी जन्माचीच कुरकुरी झाले. दुकानात मला कुणी घेईना. शेवटी एक लेखिका आणि तिचा नवरा मला घरी घेऊन आले. ती जादूनगरीतल्या गमतीच्या कादंबऱ्या लिही. आगीला भिऊन चहासुद्धा गार करून पिणारा राक्षस तिचाच.

त्यांची मुलगी शाळेत गेली की लिहिलेलं पान ती नवऱ्याला वाचून दाखवी, पण त्याच्याकडे पाठ करून. तोंड दिसलं की तिचा धीर सुटे. नवरा माझ्यावर बसून ऐके, आणि हसायचा तोही मुक्याने. नुसते खांदे आणि पोट हलायचं. मग कुरकुरायची मी. मी कुरकुरले की पान राहायचं, गप्प बसले की फाटायचं.

"तुमच्यापेक्षा खुर्ची बरी, मत तरी देते," ती म्हणे.

"अगं, तिला मीच शिकवलंय."

वर्षं सरली, मुलगी लग्न होऊन सासरी गेली. मग तो कायमचा गेला. माझ्यावर रद्दीचे गठ्ठे बसू लागले. वजन होतं, पण त्याला हसू येत नव्हतं. राक्षसाचं नवं पुस्तक अर्ध्यावर राहिलं.

आईने पुन्हा लिहावं म्हणून मुलगी सासरहून राहायला आली. तिने मला मायेने पुसलं, सांध्यात खिळा ठोकला, पॉलिशही केलं. "आता डुगडुगणार नाही. वाच आई, मी बसते."

आई पाठ करून वाचू लागली. मुलगी हसली, हुबेहूब बापासारखी. किती दिवसांनी तो हेलकावा अंगावर आला! मी सगळा जीव एकवटला, पण सांधा हलेना. आईने पान फाडलं. मग दुसरं.

"आई, अगं फाडतेस काय? हसून पोट दुखलं माझं."

"उगीच समजूत घालू नकोस. खुर्ची गप्प आहे."

"खुर्चीला काय विचारतेस? माझ्याकडे बघ की."

लेखिका सावकाश वळली. मुलीचे खांदे अजून हलत होते. ती बघतच राहिली. "बापावर गेलीस गं," म्हणाली, आणि तुकडे जुळवायला खाली बसली.

पुस्तक आता संपत आलंय. ती मुलीकडे तोंड करून वाचते. माझं मत कुणी विचारत नाही. वाईट वाटत नाही असं कसं म्हणू?

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. फक्त हातोडी उचलण्याआधी घरात एकदा विचारा, हिची कुरकुर कुणाला हवी होती का?