सासू वारली : रजा नाही

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. दुसऱ्याच्या कोडमधली चूक दिसली की तिला चैन पडत नसे, आणि ते नाव मनातून तिला आवडायचंही.

कर्मचाऱ्यांच्या रजा ठरवणारा प्रोग्राम तिच्याकडे आला, तेव्हा तो बरोबर चालतो का हे तपासणारी टेस्ट एकच होती आणि त्या टेस्टच्या पोटात आकड्यांच्या ओळीच ओळी. एखादी फसली की पडद्यावर नुसतं यायचं, ‘चौदावी नापास’. चौदावी म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. लिहिणारे खुद्द साहेब.

“नावं द्या हो ओळींना,” शेवटी तेच वैतागून म्हणाले. “शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे.”

मास्तरणीने प्रत्येक ओळीला साध्या मराठीत नाव दिलं. आकड्यांना हात लावला नाही. ‘वडील वारले : तीन दिवस रजा’. ‘सासू वारली : रजा नाही’. टेस्ट चालवली, सगळ्या ओळी पास, पडदा हिरवागार. तो तसाच उघडा ठेवून ती चहाला गेली.

परत येते तो तिच्या खुर्चीत कंपनीच्या मालकीणबाई. कोडमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण मराठी वाचता येत होतं. शिवाय त्या साहेबांच्या सासूबाई होत्या.

“हे कोणी ठरवलं?”

साहेब दारातच घुटमळले. “आई, ती नुसती टेस्ट आहे. खरं नसतं ते.”

“हिरवं म्हणजे काय गं?” बाईंनी मास्तरणीला विचारलं.

साहेब डोळ्यांनी खुणावत होते. पण चुकीचं उत्तर तिच्या तोंडून निघेना. “म्हणजे प्रोग्राम अगदी तसाच वागतो.”

“छान! म्हणजे मला पोचवून जावईबापू थेट कामावर.” बाई उठल्या. “तीन दिवस करा. रडू नाही आलं तरी घरी बसा. आणि पगारवाढीच्या टेस्टलाही अशीच नावं हवीत मला.”

त्या गेल्यावर साहेबांनी घाईघाईने तो पडदा बंद केला. हात दाखवून अवलक्षण! पगारवाढीचे नियमही त्यांचेच होते, तेही आकड्यांत.

दुपारी दोघं शेजारी बसले. साहेब अर्थ सांगत होते, ती नाव लिहीत होती. एक ओळ मात्र त्यांनी हळूच वगळली.

“हिला काय नाव देऊ?” मास्तरणीने विचारलं.

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं, आणि अगदी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.