बांधीतली हजेरी

आषाढात आमच्या गावची चौथी कृष्णराव गुरुजींच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, भरत असे. मोहाडीहून तपासणीला येणारे साहेब रोवणीच्या दिवसांत फिरकत नसत. चिखलातून सायकल कोण ओढणार? पोरं भाताची रोपं रोवत, गुरुजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री धरून हजेरी घेत. वर मुरमुरे-फुटाणे मिळत. आईबापांनाही मान वाटे: लेकरू गुरुजींच्या बांधीत गेलं, म्हणजे चौथीत पोचलं.

१९७४ साली माझ्या दिराची पोरगी सत्यभामा चौथीत गेली. माझी जाऊ बेबी तिला जुना झगा घालून द्यायला लागली, तर पोरगी म्हणाली, "पाटी कुठं हाये?"

"पाटी कायले? आज गुरुजीची रोवणी हाये."

"मंग शाळा कवा हाये?"

"हेच शाळा. चाल!"

त्या दिवशी मीही त्याच बांधीत मजुरीला होते. गुरुजींनी नावं घ्यायला सुरुवात केली. "सत्यभामा परसराम!"

पोरगी खाली मान घालून रोवतच राहिली.

"सत्यभामा! झोपली का वं?" पोरं खिदळली.

"जागी हावो जी."

"मंग हजर म्हण."

"बांधीत हजर हावो जी. शाळेत नाही."

बायांचे हात थांबले. गुरुजींचा आवाज चढला. "गैरहजर मांडीन. परीक्षेले बसू देनार नाही!"

"मांडा जी," ती म्हणाली. हातातली रोपं तिनं फेकली नाहीत, नीट चिखलात उभी ठेवली आणि निघून गेली.

घरी बेबीनं आकाशपाताळ एक केलं. मी पोरीला विचारलं, "आपल्या बांधीत त गाणं म्हणत रोवतेस वं!"

"तिथं तू मले थकली का म्हणून इचारतेस, मोठी माय. आन् मले भागाकार येत नाही. तो कवा येईन?"

मी अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. भागाकार येतो का, हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसली. दाराला कुलूप. बांधीकडे जाणारी पोरं ओरडली, "पहा रे, मास्तरीनबाई!" मी तशीच धुऱ्यावर गेले.

"गुरुजी, एक पोरगी शाळेत हजर हाये जी. किल्ली तुमच्यापाशी हाये."

"एकीसाठी शाळा उघडू का, बाई?"

"किती पायजेत ते सांगा. तेवढी हाकलून आनतो."

गुरुजी हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. उपटलेल्या रोपांकडे त्यांनी पाहिलं. उन्हानं ती माना टाकणार होती. मग छत्री मिटून ते गावाकडे वळले.

पुढचं सत्यभामेनं सांगितलं. गुरुजींनी पाय धुतले, कुलूप काढलं, तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"रागावली का माह्यावर?"

"नाही जी. भागाकार शिकवा."

"आन् उद्या?"

"उद्या साऱ्याईले शिकवा."

त्या वर्षी गुरुजींची रोवणी मागं पडली. त्यांच्या बायको पुष्पाबाई स्वतः चिखलात उतरल्या आणि ओळीओळीला आमच्या पोरीचा उद्धार करीत होत्या. वर्गातल्या पोरांनी तर तिच्याशी बोलणंच सोडलं. तिच्यापायी मुरमुरे गेले, वर पाढे आले. मधल्या सुट्टीत ती एकटीच बसून असे. मी विचारलं, "करमते का वं?"

"नाही करमत," ती म्हणाली आणि पाटी पुसून नवं गणित मांडायला लागली.